"चर्चचंच आहे ते" म्हणजे नक्की काय? चर्चची संस्था आणि चर्चसारख्या नावाची संस्था

मागच्या महिन्यात नगरच्या मावशीनं व्हॉट्सॲपवर एका पॅम्प्लेटचा फोटो पाठवला. वर कबुतर, चोचीत ऑलिव्हची फांदी, मागे उगवता सूर्य, खाली हिब्रू वळणाचं कंपनीचं नाव, आणि त्याच्याही खाली मोठ्या अक्षरात दरसाल 18 टक्के. फोन केला तर म्हणाली, "अरे चर्चचंच आहे ते, पाळकसाहेबांच्या साडूचा मुलगा बघतो सगळं."

आता "चर्चचंच आहे" या वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी बसतात आणि आपण बोलताना त्या एकाच पिशवीत टाकतो. एक म्हणजे खरोखर चर्चनं काढलेली संस्था, जिचे डायरेक्टर मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, निवडतात, जिचा हिशोब मंडळ्यांच्या अधिवेशनात वाचला जातो. दुसरी म्हणजे चर्चसारखं नाव घेतलेली संस्था, जी उद्या कोणीही काढू शकतो, मी पण काढू शकतो. शालोम, बेथेल, एबेनेझर, इम्मानुएल, मरानाथा, ही बायबलमधली नावं कोणाच्या मालकीची नाहीत. आपल्याकडे "बँक" हा शब्द रिझर्व्ह बँकेला न विचारता नावात लावला तर कायदा आडवा येतो, पण बेथेल म्हणजे देवाचं घर हे नाव लावायला कोणाला विचारावं लागत नाही. गंमत अशी की मावशीसारख्या माणसाला "बँक" शब्दापेक्षा "बेथेल" हा शब्द जास्त भरवशाचा वाटतो. म्हणजे कायदा ज्या शब्दाची राखण करतो त्याच्याकडे आपलं लक्षच नाही.

दोन्ही प्रकार अमेरिकेत इतके स्वच्छ घडून गेलेत की तिथलीच उदाहरणं घेतो, आणि दोन्ही त्याच काळातली, 1990 च्या दशकातली.

आधी नाववाला प्रकार, कारण तो पटकन संपतो. फ्लोरिडातल्या टॅम्पामध्ये ग्रेटर मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल नावाची संस्था होती, गेराल्ड पेन नावाच्या माणसाची. कुठल्या जुन्या पंथाची नाही, स्वतःच उभी केलेली मिनिस्ट्री, म्हणजे धर्मसेवेची संस्था. लूकच्या शुभवर्तमानातलं "द्या म्हणजे तुम्हांस दिले जाईल" हे 6:38 चं वचन त्यांनी शब्दशः व्याजाच्या हिशोबासारखं वापरलं, पैसे द्या, साधारण दीड वर्षात दुप्पट होतील. पैसे कुठे लावतात विचारलं तर सोन्याच्या खाणी वगैरे. खरं काय चाललं होतं तर नव्या माणसाचे पैसे जुन्या माणसाला, ज्याला पॉन्झी म्हणतात ते. आणि यातली खरी मेख म्हणजे कागदावर या पैशाला "गुंतवणूक" म्हणायचेच नाहीत, म्हणायचे "भेट". तुम्ही देवाच्या कामाला भेट दिली आणि देव तुम्हाला भेट परत देतोय, व्यवहार कसला, भक्तीच. म्हणजे उद्या बुडालं तर मागायला जागाच नाही, भेट दिलेली वस्तू कोणी परत मागतं का? हजारो लोक, सुमारे 45 कोटी डॉलर, त्यात मेनोनाइट आणि आमिश या साधेपणानं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथांतली कुटुंबं पण होती. 2001 मध्ये पेनला 27 वर्षांची शिक्षा झाली.

हे वाचून आपण म्हणतो की बरोबर आहे, ती खरी चर्चची नव्हतीच, नुसतं नाव होतं, खऱ्या चर्चच्या संस्थेत असं होत नाही. इथेच आपण फसतो.

कारण दुसरं उदाहरण बॅप्टिस्ट फाउंडेशन ऑफ ॲरिझोना, आणि ती शंभर टक्के खरी होती. 1948 मध्ये ॲरिझोनाच्या सदर्न बॅप्टिस्ट (अमेरिकेतला एक मोठा प्रोटेस्टंट पंथ) मंडळ्यांनी स्वतः काढलेली, ना-नफा, डायरेक्टर अधिवेशनातून निवडलेले, पन्नास वर्षं जुनी. लोकांकडून पैसे घ्यायचे, बँकेपेक्षा थोडं जास्त व्याज द्यायचं आणि नफ्यातून चर्चची कामं करायची. थोडं जास्त, हे लक्षात घ्या, दुप्पट वगैरे काही नाही, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. निवृत्त लोकांनी आपली रिटायरमेंटची खाती तिथे हलवली होती.

झालं काय, तर संस्थेचा बराच पैसा ॲरिझोनातल्या जमिनी-इमारतींमध्ये होता आणि 1980 चं दशक संपता संपता तिथला प्रॉपर्टीचा बाजार बसला. आता सरळ माणूस काय करेल, ताळेबंदात तोटा दाखवेल, व्याज कमी करेल, लोक नाराज होतील, पण निभावेल. यांनी तसं केलं नाही. पडलेल्या किमतीच्या जमिनी त्यांनी जुन्याच चढ्या किमतीला "विकल्या", कोणाला, तर आपल्याच माणसांच्या कंपन्यांना, आणि त्या कंपन्यांकडे पैसे कुठे होते, ते पण फिरून आपणच कर्जानं दिलेले. म्हणजे या खिशातलं त्या खिशात आणि वहीत नफा. त्यातल्या एका संस्थेचं नाव होतं न्यू चर्च व्हेंचर्स. ऐकायला वाटतं नवीन चर्चेस बांधायला मदत करणारी, आणि कागदोपत्री हेतू तोच होता, पण तिचे बहुतेक पैसे गेले एएलओ नावाच्या दुसऱ्या कंपनीला, जी तोटे लपवायची कोठी होती. मला हे नाव सगळ्यात जास्त खटकतं, कारण इथे नावानं बाहेरच्यालाच नाही, आतल्या लोकांनाही गप्प केलं असणार, नवीन चर्चच्या फंडाला कोण प्रश्न विचारणार?

1997 मध्ये संस्थेत पूर्वी काम केलेली एक अकाउंटंट ऑडिटरबाईंना जेवताना भेटली आणि या एएलओबद्दल तिनं स्पष्ट सांगितलं. ऑडिट करत होती आर्थर अँडरसन, तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या सहा फर्मपैकी एक. ऑडिट रिपोर्ट तरी स्वच्छच आला. आणि त्याहून जीवाला लागणारी गोष्ट म्हणजे एएलओचे वार्षिक कागद राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनमध्ये, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत, जमा होते, कोणालाही बघता येत होते, आणि त्यात कंपनी 10 कोटी डॉलरपेक्षा जास्त खड्ड्यात आहे असं सरळ दिसत होतं. 11,000 गुंतवणूकदार, त्यातल्या किती जणांना हे नाव तरी माहीत असेल. 1998 मध्ये फीनिक्स न्यू टाइम्स या स्थानिक साप्ताहिकानं छापलं तेव्हा कुठे हललं. ऑगस्ट 1999 मध्ये राज्यानं विक्री थांबवली, नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरी, सुमारे 57 कोटी डॉलर अडकले. अँडरसननं 2002 मध्ये 21.7 कोटी डॉलर देऊन तडजोड केली, आणि 2006 मध्ये अध्यक्ष विल्यम क्रॉट्सला 8 वर्षं, संस्थेचा वकील थॉमस ग्रॅबिन्स्कीला 6 वर्षं शिक्षा झाली.

तर दोन्हीतला फरक आहेच. टॅम्पात पहिल्या दिवसापासून खोटं होतं, ॲरिझोनात सुरुवात खरी होती आणि लाजेपोटी खोटं वाढत गेलं. ॲरिझोनात मागे मालमत्ता होती, ऑडिटर होता, ज्याच्यावर दावा लावता आला, म्हणून लोकांना बरंच काही परत मिळालं. पण पैसे ठेवताना काउंटरच्या या बाजूनं दोन्ही सारखंच दिसत होतं, आणि दोन्हीकडे ठेवीला सरकारी विमा नव्हता. अमेरिकेच्या 1933 च्या कायद्यात धार्मिक ना-नफा संस्थांच्या रोख्यांना रजिस्ट्रेशनमधून सूट आहे (फसवणुकीच्या कलमांतून नाही, तेवढं बरं), म्हणजे चर्चच्या नावामागे तपासणी जास्त असेल असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात ती कमी असू शकते. याउलट तिथेच चर्चच्या सभासदांनी काढलेल्या क्रेडिट युनियन (आपल्या पतसंस्थेसारख्या) असतात, नाव तेवढंच ख्रिस्ती, पण सरकारी विमा असलेल्या युनियनमध्ये प्रत्येकाच्या ठेवीला अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण असतं. नावावरून यातलं काहीच कळत नाही.

आणि नाव धार्मिक असायलाच पाहिजे असंही नाही. 1995 मध्ये पेनसिल्व्हेनियात बुडालेली न्यू एरा फिलान्थ्रोपी, नावात देवाचा पत्ता नाही, पण अडकले मुख्यतः ख्रिस्ती कॉलेजं आणि सेवाभावी संस्था, कारण शिफारस ओळखीतल्या ओळखीत फिरली. ते उघडं पाडलं मिशिगनमधल्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजात अकाउंटिंग शिकवणाऱ्या अल्बर्ट मायर यांनी, त्यांनी संस्थेचे टॅक्सचे कागद मागवले आणि पाहिलं की एवढे पैसे ठेवलेत म्हणतात तर व्याजाचं उत्पन्न इतकं किरकोळ कसं.

आपल्याकडे हाच घोळ बँक आणि पतसंस्था यात होतो. वसईची बॅसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक 1918 पासून आहे, नावात कॅथलिक आहे, पण ती ठेवीदाराला सांभाळते ते त्या शब्दानं नाही, ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची नागरी सहकारी बँक आहे आणि डीआयसीजीसीचा (ठेवींचा विमा उतरवणारी रिझर्व्ह बँकेची कंपनी) प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतचा विमा तिथे लागू आहे. पतसंस्थेला, नाव कितीही पवित्र असो, तो विमा नाही, ती सहकार खात्याच्या हाताखाली. चांगल्या पतसंस्था भरपूर आहेत, माझी स्वतःची आरडी एकीत आहे, फक्त बुडाली तर 5 लाखांची ती गादी खाली नाही हे धरून चालायचं. आणि मावशीची कंपनी तर दोन्हीपैकी काहीच नव्हती.

मी तिला एवढंच म्हटलं की पावती काढ आणि वाच. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली. मग हळूहळू वाचलं, "ऐच्छिक प्रेमदान, रुपये पन्नास हजार फक्त."

"18 टक्के कुठे लिहिलंय?"

"ते पॅम्प्लेटवर आहे."

"आणि ठेव, मुदत, असा काही शब्द?"

थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, साडूच्या मुलाला विचारते, पण त्याचा फोन फक्त रविवारी लागतो.