प्रोसेस-निर्मितीचे कॉल अडवणे

युनिक्स कुळातील प्रणालींवर चालू प्रोग्रॅम नवी प्रोसेस (प्रोग्रॅमचे चालते रूप) सुरू करू पाहतो, तेव्हा प्रणालीकडे केलेली ती मागणी, म्हणजे तो कॉल, वाटेतच पकडून त्याची नोंद घेणे, त्यात बदल करणे किंवा तो नाकारणे हे या तंत्राचे काम आहे. फोर्क हा कॉल चालू प्रोसेसची प्रत काढतो आणि एक्झेकव्हीई त्या प्रतीत नवा प्रोग्रॅम चढवतो. अडवायचे असते ते मुख्यतः या दुसऱ्या टप्प्यावर.

लिनक्सवर त्यासाठी एलडी_प्रीलोड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोसेसला सुरू होताना मिळणारी नाव-मूल्याची नोंद) सर्रास वापरतात. एक्झेकव्हीई याच नावाचे फंक्शन सीमध्ये लिहून त्याची शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमना वापरता येणारा फंक्शनांचा संच) बनवली आणि तिचा पाथ या व्हेरिएबलमध्ये दिला, की डायनॅमिक लिंकर (प्रोग्रॅमला अशा लायब्ररी जोडणारा भाग) ते नाव आधी तिच्यात शोधतो. आपले काम उरकल्यावर डीएलसिम या नाव शोधणाऱ्या फंक्शनला आरटीएलडी_नेक्स्ट (‘पुढच्या लायब्ररीत शोध’ असे सांगणारे मूल्य) देऊन मूळ फंक्शन गाठता येते. ‘मेक’ हे प्रोग्रॅम बांधणारे साधन चालू असताना कंपायलरला दिलेल्या आज्ञा टिपणारे ‘बेअर’ हे साधन याच मार्गाचा उपयोग करते.

मात्र एवढे एकच फंक्शन लिहून भागत नाही. जीलिबसी या लिनक्सवरील प्रचलित सी लायब्ररीमधील एक्झेकव्हीपी, पॉझिक्स_स्पॉन, सिस्टम आणि पीओपन ही फंक्शने आपल्या फंक्शनकडे न येता आतल्या आत काम उरकतात, त्यामुळे त्यांतील प्रत्येकासाठी वेगळे आवरण (मूळ फंक्शनच्या आधी चालणारे आपले फंक्शन) लिहावे लागते. एक्झेकव्हीईच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये कॉल करणारा स्वतःचे एन्व्हायर्नमेंट देतो. त्यात एलडी_प्रीलोड नसेल, तर आवरणाने ते पुन्हा घालावे लागते, नाहीतर पुढच्या पिढीपासून माग सुटतो. सर्वांत नाजूक प्रकरण व्हीफोर्क या फोर्कसारख्याच, पण मेमरीची प्रत न काढणाऱ्या कॉलचे आहे. त्यात मूल (नवी प्रोसेस) पालकाच्याच (मूळ प्रोसेसच्या) स्टॅकवर (फंक्शन कॉलांच्या नोंदी ठेवणाऱ्या मेमरीवर) चालते, म्हणून आवरणातून मूल परतले की पालकाला परतण्यासाठी लागणारी स्टॅक फ्रेम (त्या कॉलची नोंद) बिघडते. तेथे फोर्क वापरणेच शहाणपणाचे. अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असलेल्या प्रोसेसमध्ये फोर्कनंतर मुलाच्या बाजूने मॅलॉक (मेमरी मागणारे) किंवा प्रिंटएफ (मजकूर छापणारे) ही फंक्शने वापरणेही टाळावे, कारण त्यांचे लॉक दुसऱ्या थ्रेडने धरलेले असताना प्रत निघालेली असू शकते.

स्टॅटिक लिंक केलेले (लायब्ररी स्वतःतच सामावून घेतलेले) प्रोग्रॅम आणि थेट कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) सिस्टम कॉल करणारे गो भाषेतील प्रोग्रॅम या जाळ्यात येत नाहीत. सेटयूआयडी (फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) प्रोग्रॅमसाठी लिंकर अशा पाथकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो. मॅकओएसवर डीवायएलडी_इन्सर्ट_लायब्ररीज हा पर्याय आहे, पण २०१५पासून संरक्षित सिस्टम प्रोग्रॅमना तो लागू होत नाही. म्हणून सुरक्षेसाठी हा मार्ग विसंबण्याजोगा नाही.

चुकवता येणार नाही अशी नोंद हवी असेल, तर कर्नलच्या सीमेवरच थांबावे लागते. पीट्रेस या दुसऱ्या प्रोसेसवर नजर ठेवणाऱ्या कॉलने प्रत्येक फोर्क व एक्झेक कळतो, पण प्रोग्रॅम वारंवार थांबल्याने वेग घटतो. लिनक्स ५.० पासून सेकॉम्प ही कर्नलमधील कॉल गाळणारी सोय असा कॉल दुसऱ्या प्रोसेसकडे निर्णयासाठी सोपवू शकतो. मात्र त्या प्रोसेसने पाथ वाचल्यानंतर मूळ प्रोग्रॅममधील दुसरा थ्रेड मेमरीतील तोच पाथ बदलू शकतो, त्यामुळे मंजूर झालेला प्रोग्रॅम आणि प्रत्यक्ष चाललेला प्रोग्रॅम वेगळे निघू शकतात.