ट्यूब वॉटर पोलो

हवा भरलेल्या रबरी ट्यूबमध्ये बसून खेळायचा वॉटर पोलोचा, म्हणजे पाण्यात पोहत प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये चेंडू टाकण्याच्या सांघिक खेळाचा, हौशी प्रकार. मूळ वॉटर पोलोत तळाला पाय न टेकता सामनाभर पाण्यात तरंगत राहावे लागते आणि त्यासाठी लागणारा दमसास सरावाशिवाय येत नाही. ट्यूबमुळे ही अडचण दूर होते, त्यामुळे बेताचे पोहणारेही संघात येऊ शकतात. मात्र ट्यूब उलटली की खोल पाण्यात स्वतःला सावरावेच लागते. अजिबात पोहता न येणाऱ्यांचा हा खेळ नव्हे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संकुलात १९६९ मध्ये हा खेळ सुरू झाला. अमेरिका आणि कॅनडातील विद्यापीठांच्या अंतर्गत स्पर्धांत व शहरांच्या हौशी लीगमध्ये तो प्रामुख्याने खेळला जातो. त्याचे नियम ठरवणारी मध्यवर्ती संस्था नाही. खेळाडूंची संख्या, सामन्याची वेळ, गोलरक्षकाचे अधिकार हे सगळे त्या त्या स्पर्धेचे आयोजक ठरवतात. बहुतेक ठिकाणी मूळ खेळाप्रमाणे गोलरक्षकासह सात जणांचा संघ असतो; तलाव लहान असल्यास संख्या कमी करतात. सामना कुठे चार भागांत, तर कुठे दोन सत्रांत होतो.

सुरुवातीला दोन्ही संघ आपापल्या गोलाकडील भिंतीला टेकून थांबतात. पंचाने शिट्टी वाजवून चेंडू मध्यभागी टाकला की सगळे तिकडे धाव घेतात. ही धाव बहुधा पाठमोरी असते, कारण ट्यूबमध्ये रेलून हातांनी पाणी मागे सारणाऱ्याला वेग डोक्याच्या दिशेनेच मिळतो. नवखे खेळाडू पोटावर झोपून पुढे जाऊ पाहतात आणि मागे पडतात.

बाकी नियमांचा पाया एकच: खेळाडू ट्यूबमध्ये नीट बसलेला असेल तरच तो खेळात असतो. ट्यूबमधून पडलेल्याने चेंडू ताबडतोब सोडायचा आणि पुन्हा बसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, बचावात आडवेही यायचे नाही. म्हणूनच चेंडू हिसकावण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे प्रतिस्पर्ध्याची ट्यूब उलटवणे. अनेक स्पर्धांत याला मुभा आहे, पण ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्यापुरतीच. चेंडू हातातून सुटल्यावर उलटवले तर फाउल. हा क्षण टिपणे हीच पंचाची खरी कसोटी, आणि वाद होतात तेही बहुतेक यावरूनच. काही आयोजक उलटवण्यास साफ बंदी घालतात. सामने शांततेत होतात, पण बचाव करणाऱ्यांच्या हाती फारसे काही उरत नाही.

मूळ खेळात गोलरक्षक सोडून इतरांना चेंडू एकाच हाताने हाताळावा लागतो. इथे बहुधा दोन्ही हात चालतात. चेंडू पाण्याखाली दाबणे, मांडीवर किंवा ट्यूबमध्ये लपवणे, चेंडू नसलेल्याची ट्यूब धरून ठेवणे, लाथ मारणे, तोंडावर मुद्दाम पाणी उडवणे हे सगळे फाउल. साध्या फाउलनंतर त्याच जागेवरून दुसऱ्या संघाला चेंडू मिळतो. गोलची स्पष्ट संधी हिरावली तर पेनल्टी दिली जाते आणि धसमुसळेपणा करणाऱ्याला काही वेळ बाहेर बसवतात. गोलरक्षक सहसा ट्यूबविना खेळतो, मात्र गोलजवळच्या ठरावीक क्षेत्रातच.

मिश्र संघांत स्त्री-पुरुषांची संख्या आखून दिलेली असते. काही लीगमध्ये स्त्री खेळाडूने केलेल्या गोलला जास्त गुण मिळतात. चेंडू सतत पुरुषांमध्येच फिरत राहू नये यासाठी हा उपाय आहे आणि तो लागूही पडतो.

ट्यूब आयोजकच पुरवतात. तिचा व्हॉल्व्ह अंगाला ओरखडे काढतो, म्हणून तो झाकलेला किंवा खालच्या बाजूला वळवलेला हवा. दागिने काढून ठेवणे आणि नखे कापणे सक्तीचे असते.