पार्श्वभूमी: ‘सेपेशिया’ या एका नावाचा गुंता

रक्ताच्या कल्चरच्या रिपोर्टात ‘बुर्खोल्डेरिया सेपेशिया’ या जंतूचं नाव आलं आणि त्याच आठवड्यात आणखी दोन रुग्णांच्या रक्तातही तेच निघालं, की अनुभवी सूक्ष्मजीवतज्ज्ञ बाटल्या शोधत फिरू लागतो. सलाइन, जंतुनाशक, नेब्युलायझरचं पाणी, उघडून ठेवलेली कुपी. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या केमोथेरपी डे-केअरमध्ये असाच शोध मळमळ थांबवणाऱ्या इंजेक्शनपाशी येऊन थांबला होता. तिथे वॉर्डातल्या कुणाचीच चूक नव्हती, जंतू औषधाबरोबरच आला होता. हा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. याच जंतूचे सख्खे भाऊबंद मात्र दूषित भूजल साफ करण्यासाठी मुद्दाम जमिनीत सोडले गेले आहेत.

सुरुवात कांद्यापासून झाली. १९५० मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कांद्यावरचा एक रोग नोंदवला गेला. कांदा वरून धड दिसतो, पण मानेशी दाबला की आतला पापुद्रा सटकतो आणि आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. लॅटिनमध्ये कांद्याला ‘सेपा’ म्हणतात, म्हणून नाव पडलं स्यूडोमोनास सेपेशिया. पुढची वीसेक वर्षं डॉक्टरांना त्याच्याशी फारसं कर्तव्य नव्हतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तो महिनोन्‌महिने तग धरतो, काही जंतुनाशकांतही वाढतो आणि त्याचे काही प्रकार पेनिसिलिन हेच अन्न म्हणून वापरतात, हे हळूहळू कळत गेलं.

ऐंशीच्या दशकात मात्र दोन वाटा एकदमच फुटल्या. १९८२ मध्ये, तेव्हा याच जातीत गणलेला एक प्रकार २,४,५-टी हे तणनाशक खाऊन जगतो असं दाखवलं गेलं. ही तीच प्रयोगशाळा, जिच्या भारतीय वंशाच्या प्रमुखाचा, आनंद चक्रवर्तींचा, तेलखाऊ जंतू दोन वर्षांपूर्वी, जिवंत जंतूचंही पेटंट घेता येतं या अमेरिकी कोर्टाच्या निकालामुळे जगभर गाजला होता. १९८६ मध्ये फ्लोरिडातल्या सांडपाण्यातून मिळालेला ‘जी-४’ हा जंतू पुढे आला; तोही नंतर सेपेशियातच गणला गेला. ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे धातूच्या भागांवरचं ग्रीस काढायचं द्रावण, पाण्यापेक्षा जड असतं. ते जमिनीत मुरतं आणि भूजलाच्या तळाशी जाऊन बसतं. जी-४ ते खात नाही. त्याचं अन्न फेनॉल, टोल्युइन. ते पचवायला बनवलेलं एन्झाइम जाता जाता ट्रायक्लोरोइथिलीनही तोडतं, जंतूच्या पदरात त्यातून काहीच पडत नाही. पण माणसाला हवं ते काम होऊन जातं.

त्याच सुमारास, १९८४ मध्ये, टोरांटोहून आलेला अहवाल भीतिदायक होता. सिस्टिक फायब्रोसिसच्या, म्हणजे फुप्फुसांत घट्ट चिकट स्राव साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, काही रुग्णांना सेपेशियाची लागण झाली की तीव्र ताप यायचा, फुप्फुसं झपाट्याने निकामी व्हायची आणि काही आठवड्यांत माणूस जायचा. निरोगी माणसाला सहसा काही न करणारा हा जंतू या रुग्णांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो, हे नव्वदच्या सुमारास पक्कं झालं. मुलांची उन्हाळी शिबिरं बंद पडली, एकाच आजाराच्या माणसांनी एकमेकांना भेटू नये असे नियम आले. या नियमांनी किती मैत्र्या तोडल्या, ते अहवालांत सापडत नाही.

आता खरा घोळ. १९९२ मध्ये जंतूचं कुळ बदललं आणि तो बुर्खोल्डेरिया झाला, ते ठीकच. पण १९९७ मध्ये कळलं की ‘सेपेशिया’ ही एक जातच नाही. निदान पाच वेगळ्या जाती आहेत, आणि नेहमीच्या जैवरासायनिक चाचण्यांनी त्या खात्रीने ओळखता येत नाहीत. म्हणून ‘जीनोमोव्हार’ हा शब्द वापरला गेला: जनुकांवरून वेगळा, पण वेगळं नाव द्यावं इतका चाचणीत उठून न दिसणारा. थोडक्यात, नाव ठेवायचं लांबणीवर टाकण्याची सोय. पुढे एकेकाला नाव मिळत गेलं. क्रमांक दोन मल्टिव्होरान्स, तीन सेनोसेपेशिया. क्रमांक पाच, व्हिएतनामिएन्सिस, याला मात्र नाव आधीच, १९९५ मध्ये मिळालेलं होतं. या सगळ्यांना मिळून ‘सेपेशिया संकुल’ म्हणतात, आणि आज त्यात वीसहून अधिक जाती आहेत. जी-४ व्हिएतनामिएन्सिसमध्ये गेला, म्हणजे व्हिएतनाममधल्या भाताच्या मुळांशी सापडलेल्या जातीत.

या गोंधळाचा फायदाही घेतला गेला. कीडनाशक म्हणून हे जंतू विकणाऱ्यांचं म्हणणं असं, की आमचा प्रकार मातीतला, रुग्णालयातला वेगळा. ऐकायला पटतं. पण २००२ मध्ये रुग्णांत साथ पसरवणारा सेनोसेपेशियाचा एक प्रकार अमेरिकेतल्या शेताच्या मातीतच सापडला आणि त्या युक्तिवादातली हवा गेली. मला विचाराल तर तो आधीही लंगडाच होता: ज्याला ओळखायची खात्रीची चाचणी हाताशी नाही, त्याला ‘वेगळा’ म्हणायचं कशाच्या जोरावर?

जून २००३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने नियम केला. त्याला सर्रास ‘बंदी’ म्हटलं जातं, ते चूक आहे. संपूर्ण सेपेशिया संकुलाचा व्यापारी नवा वापर करायचा तर ९० दिवस आधी कळवा, एवढाच तो नियम. गंमत त्यातल्या सवलतीत आहे. भूजलात टोचून रसायनं तोडण्याचं संशोधन त्यातून वगळलेलं होतं. जी-४ च्या वारसदारांसाठी दार किलकिलं ठेवलेलं होतं, हे उघडच आहे. जातींमध्ये भेद करणं शक्य नाही म्हणून अख्खं संकुल एका दावणीला बांधलं, आणि त्याच कलमात वापरावरून भेद केला.

नंतरची भीती शेतापेक्षा कारखान्याची ठरली. २०१६ मध्ये अमेरिकेत शौच साफ होण्यासाठीच्या पातळ औषधातून साथ पसरली, माग औषध बनवायच्या पाण्यापर्यंत गेला. २०१९ च्या अखेरीस तिथल्या औषधसंहितेत, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमांत, या संकुलासाठी वेगळी चाचणी आली. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये मात्र मशीन अजून ‘सेपेशिया ग्रुप’ एवढंच छापतं. नेमकी जात कुठली, ते पाहायला जनुकाचं सिक्वेन्सिंग लागतं, आणि तोवर डॉक्टरने अँटिबायोटिक लिहून दिलेलं असतं.