घरच्या पर्जन्यमापकाची नोंद हॅम रेडिओवरून पाठवायची आहे? आधी परवाना

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३. एका शहरात एवढा फरक पडतो, म्हणून गच्चीगच्चीवरची छोटी हवामान केंद्रं मला फार मोलाची वाटतात. मोबाइलचं नेटवर्क बसलं तरी त्यांच्या नोंदी एपीआरएस या पद्धतीने रेडिओवरून जाऊ शकतात. अमेरिकेतले हॅम, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओ चालवणारे, बॉब ब्रुनिंगा यांनी ती घडवली. गाडीचं ठिकाण, वारा, तापमान, पाऊस असं सगळं माहितीच्या छोट्या तुकड्यांतून, म्हणजे पॅकेटमधून जातं.

मात्र प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखचिन्ह, असावं लागतं, आणि ते परवान्याबरोबरच मिळतं. इंटरनेटवरच्या नकाशावर इतरांच्या नोंदी कोणीही पाहू शकतो. प्रक्षेपण मात्र विनापरवाना करायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही.

वयाची अट १२ वर्षं पूर्ण, एवढीच. इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, तिच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे ठिपके-रेषांची संदेशलिपी, नाही आणि कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतं. जनरलला मोर्स लागतो, तिथे व्हीयू२. एपीआरएससाठी रिस्ट्रिक्टेड पुरते, कारण १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा त्यातही मिळतो. तेव्हा मोर्सच्या भीतीने थांबू नका. प्रश्न दोन विषयांवर असतात: रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम. नियमांचा भाग लोक हलक्यात घेतात, तसं करू नका.

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरायचा. आधी परीक्षेचा, मग उत्तीर्ण झाल्यावर परवान्याचा. हे दोन वेगळे अर्ज आहेत. मुंबईकरांसाठी परीक्षेचं ठिकाण म्हणजे बोरिवली पश्चिमेला गोराई रोडवरचं इंटरनॅशनल मॉनिटरिंग स्टेशन. परवाना २० वर्षांसाठी १००० रुपये, आजीवन २००० रुपये.

फोटो, सही, ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा स्कॅन करून ठेवा. १८ वर्षांखालील अर्जदारासाठी पालकांची सही लागते. सगळ्यात जास्त लक्ष नावाकडे द्या. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, लग्नानंतर बदललेलं नाव तिसरीकडेच, असं आपल्याकडे घरोघरी असतं. अर्जापूर्वी ते जुळवून घ्या. पत्ताही जिथे अँटेना लागणार तिथलाच द्या, कारण परवान्यावर केंद्राचं ठिकाण नोंदलेलं असतं. गाडीत ट्रॅकर लावायचा असेल तर ठिकाणाबद्दलच्या अटी आधी वाचा. गच्चीवरच्या अँटेनासाठी सोसायटीची परवानगी लेखी घ्या. तोंडी होकार पुढची कमिटी मानेलच असं नाही.

रेडिओ सेट परवाना हातात आल्यावरच घ्या. भारतात एपीआरएस १४४.३९० मेगाहर्ट्झवर चालतं. कॉलसाइनपुढे हवामान केंद्राला १३ आणि गाडीला ९ हा आकडा जोडण्याची रीत आहे. संदेश सांकेतिक करता येत नाही, त्यामुळे तुमच्या घराचं ठिकाण सर्वांना दिसेल याची तयारी ठेवा.

पाऊस मिलिमीटरमध्ये नाही, इंचाच्या शंभराव्या भागात जातो आणि त्यासाठी तीनच अंकांची जागा असते. म्हणजे चोवीस तासांचा आकडा २५३ मिलिमीटरच्या पुढे मावतच नाही. मुंबईच्या पावसाला ही जागा अपुरी पडते, म्हणून शेवटच्या एका तासाचा पाऊसही पॅकेटमध्ये चालू ठेवा.