आयात-निर्यात मॅनेजर, फॅशन व्यापारातला (बेळगाव सीमाभाग)

कपडे, चपला, पर्स, दागिने असला माल परदेशी पाठवायचा आणि त्याला लागणारं सामान परदेशातून आणायचं, हे सगळं काम जो बघतो तो फॅशन व्यापारातला आयात-निर्यात मॅनेजर. ऑर्डर आली तिथून पैसे बँकेत जमा होईपर्यंतची जबाबदारी त्याची किंवा तिची. मुंबई, दिल्ली, तिरुप्पूरच्या ऑफिसात हे काम कसं चालतं ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं म्हणून ते परत सांगत नाही. या नोंदीत बेळगाव, निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी हा पट्टा घेतलाय आणि त्यातही जास्त जागा कोल्हापुरी चपलेला दिलीय, कारण इथून परदेशी जाणारा फॅशनचा खास इथला माल म्हटलं की आधी तीच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा माल बाहेर जातो तो वेगळा विषय आहे.

चप्पल मुळात कुठली

हा वाद इतिहासाच्या पुस्तकातच राहिला असता, पण हल्ली परदेशी खरेदीदार मालासोबत मालाची गोष्टही मागतात, टॅगवर छापायला, त्यामुळे तो मॅनेजरच्या टेबलावर येतोच. यात ढोबळमानाने तीन मतं आहेत. पहिलं मत चपलेचा उगम बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत मागे नेतं. त्याला आधार म्हणून कल्याणच्या (आजचं बसवकल्याण) शरणांमधल्या, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांमधल्या, हरळय्यांची कथा सांगतात, की त्यांनी आणि पत्नी कल्याणम्मांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून महात्मा बसवेश्वरांना अर्पण केले. कथा फार मोठी आहे, त्या काळी चामड्याचं काम करणाऱ्या माणसाला शरणांच्या मंडळीत कुठली जागा मिळाली ते ती सांगते, पण त्या जोड्यांचा घाट आजच्या कोल्हापुरीसारखा होता असं तिच्यावरून काढता येत नाही. दुसरं मत राजर्षी शाहू महाराजांच्या काळाला (१८९४ ते १९२२) महत्त्व देतं, संस्थानात चामडं कमावण्याच्या धंद्याला उत्तेजन मिळालं आणि चप्पल गावाबाहेरच्या बाजारात गेली असं हे मत. तिसरं मत गावांच्या नावांवरून जातं, कापशी, कुरुंदवाडी ही चपलांच्या प्रकारांची जुनी नावं गावांवरूनच पडलीत, म्हणजे आधी गावागावाचा घाट होता आणि 'कोल्हापुरी' हे नाव नंतर पेठेमुळे चिकटलं.

पुरावा बघितला तर तिसरं मत दुसऱ्याला धरून जास्त पटतं. माल कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, घटप्रभा या नद्यांच्या काठच्या गावात तयार व्हायचा आणि विकला जायचा कोल्हापुरात, आणि विकला जातो त्या गावाचं नाव मालाला लागतं हे सगळीकडे दिसतं. अथणी आणि निपाणीकडच्या कारागिरांचं काम कोल्हापूरच्या दुकानात कोल्हापुरी म्हणूनच विकलं जातं. खेड्यात अजून जुनी माणसं तिला नुसतं पायताण म्हणतात.

कायद्याने हा प्रश्न बऱ्यापैकी समजूतदारपणे सोडवला. कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं (साल बहुतेक ठिकाणी २०१९ दिलेलं असतं, नोंदणी २०१८ च्या शेवटची धरतात) ते दोन राज्यांना मिळून आहे. महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर ही दोन चर्मोद्योग महामंडळं त्याची धारक, आणि जिल्हे आठ, तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ज्या सीमेवरून आंदोलनं झाली, महाजन आयोग झाला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे, त्या सीमेच्या दोन्ही बाजूंची सही एका चपलेवर आहे, आणि या भागातल्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

पण हे मानांकन भारतातलं आहे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या २०२६ च्या उन्हाळी पुरुष कलेक्शनमध्ये अगदी कोल्हापुरीसारखी सँडल दिसली आणि सुरुवातीला तिचं मूळ सांगितलं गेलं नाही तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम आणि लिडकरबरोबर करार जाहीर झाला, सुमारे २००० जोड इथेच करून घ्यायचे, किंमत जोडीला ८०० युरोच्या आसपास. युरोपात शेतमालाबाहेरच्या हस्तकलेच्या वस्तूंना असं संरक्षण देणारा कायदा १ डिसेंबर २०२५ पासून लागू झालाय, तेव्हा तिथे वेगळी नोंदणी करणं हे पुढचं काम आहे आणि ते व्हायलाच पाहिजे.

कोडचा प्रश्न

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मालाला एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा वर्गीकरणाचा आकडा, लागतो, त्यावर परदेशातली ड्युटी आणि इथला ड्रॉबॅक, रोडटेप हे परतावे ठरतात. पादत्राणांचं प्रकरण ६४ वं. त्यात ६४०३ २० हा उपशीर्षक असा आहे की वाचून आश्चर्य वाटतं, तळ चामड्याचा आणि वरचा भाग म्हणजे पावलावरून आडवा जाणारा आणि अंगठ्याभोवतीचा चामडी पट्टा. ही आपली अंगठ्याची कोल्हापुरीच. जगभरच्या कस्टम्सच्या पुस्तकात तिचं नाव न घेता वर्णन केलंय.

भानगड पुढे होते. खरेदीदार म्हणतो चामड्याचा तळ ओल्या फरशीवर सरकतो, खाली पातळ रबर लावा. कारागीर लावून देतो, त्याच्या लेखी चप्पल तीच. पण प्रकरण ६४ च्या टिपेप्रमाणे तळ कशाचा ते जमिनीला टेकणाऱ्या सगळ्यात मोठ्या भागावरून ठरतं, म्हणजे पूर्ण तळाला रबर लागलं की ती चप्पल ६४०३ २० मध्ये बसत नाही, ती ६४०३ ९९ कडे जाते. नुसत्या टाचेला संरक्षक तुकडा लावला तर तो हिशेबात धरत नाहीत. तसंच अंगठा काढून नुसता रुंद पट्टा ठेवला, जसं हल्ली बायकांच्या फॅशनला मागतात, तर तळ चामड्याचा असूनही कोड ६४०३ ५९ होतो. म्हणजे डिझाइनरने सहज सुचवलेल्या बदलाने ड्युटी बदलते आणि मग ठरलेल्या भावात माल परवडत नाही. म्हणून चांगला मॅनेजर सॅम्पल मंजूर व्हायच्या आधीच कोड बघून ठेवतो, शिपिंग बिल भरताना नाही.

दुसरी तांत्रिक गोष्ट चामड्याची. युरोपात अंगाला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत क्रोमियम सहा हा घटक किलोला ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, हा नियम मे २०१५ पासून आहे, आणि बंदी असलेल्या अ‍ॅझो रंगांची मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम. पारंपरिक कोल्हापुरीचं चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात, त्यात क्रोमियम वापरतच नाहीत, त्यामुळे इथे ती सहज पास व्हायला पाहिजे. चामडं कमी पडलं की वेणीला (चपलेवर चामड्याच्या वाद्या गुंफून केलेली) किंवा पट्ट्याला बाजारातलं क्रोम केलेलं चामडं लावलं जातं आणि मग लॅबचा रिपोर्ट फिरतो. पूर्ण लॉट एकाच जागच्या चामड्यातून कापून घेणं हा त्यावरचा साधा उपाय आहे, फक्त त्यासाठी कारागिराला चामडं घ्यायला पैसे आधी द्यावे लागतात, आणि ते द्यायलाच हवेत.

पाऊस आणि हंगाम

युरोपात कोल्हापुरी ही उन्हाळ्याची चप्पल. तिथल्या दुकानात माल फेब्रुवारी-मार्चला लागतो म्हणजे इथून डिसेंबर-जानेवारीपर्यंत निघाला पाहिजे, म्हणजे ऑर्डर पक्की होऊन चामडं कमवायचं काम सुरू होतं ते नेमकं जुलै ते सप्टेंबरमध्ये. बेळगाव, खानापूरकडचा पाऊस माहीत असणाऱ्याला पुढचं सांगायला नको. कमावलेलं चामडं वाळायला ऊन लागतं, ओलं राहिलं तर बुरशी. मॅनेजर फोन करतो आणि उत्तर येतं, ऊन पडू दे की ओ. त्यात टाळाटाळ नसते, खरंच ऊन नसतं. हे तारखांचं गणित ऑर्डर घेतानाच खरेदीदाराला समजावून चामडं उन्हाळ्यातच कमावून ठेवता आलं तर अर्ध्या अडचणी संपतात.

बुरशी पुढे कंटेनरमध्येही येते. पूर्वी बॉक्समध्ये डायमिथाइल फ्युमरेट नावाच्या बुरशीनाशकाच्या पुड्या टाकायची पद्धत जगभर होती, युरोपात लोकांच्या कातडीला त्रास झाल्यावर २००९ मध्ये त्यावर बंदी आली. आता सिलिका जेल टाकतात आणि माल पॅक करण्याआधी पूर्ण वाळवतात. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास दहा-बारा दिवसांनी तरी वाढला, म्हणजे दमट कंटेनरमधले तेवढे दिवस वाढले.

तपासणीचा हिशेबही इथे सांगितला पाहिजे कारण हाताच्या कामाला तो कडक पडतो. २००० जोडांच्या लॉटमधून नेहमीच्या लेव्हलला १२५ जोड उघडतात, एक्यूएल (दोष किती चालतील त्याची ठरलेली पातळी) २.५ धरला तर ७ जोडांपर्यंत दोष चालतो, आठवा सापडला की लॉट परत. आता एकाच कातड्याच्या पाठीचा आणि पोटाचा रंग सारखा येत नाही, डाव्या-उजव्या पायात थोडा फरक राहतोच, कानाची (तळाच्या बाजूला पट्टा अडकवायची चामड्याची पाकळी) जाडी रापीने, म्हणजे चामडं तासायच्या हत्याराने, हातानेच उतरवलेली असते. हा दोष नाही, हाताची खूण आहे, पण हे पहिल्या सॅम्पललाच कागदावर लिहून घेतलं नाही तर तपासणारा माणूस तो दोषच धरतो आणि फटका वेणी घालणाऱ्या बाईच्या मजुरीला बसतो.

सीमा आणि कागद

आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर (आता पॅनचाच), चामडं निर्यात परिषदेचं सभासदत्व, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र), शिपिंग बिल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग हे सगळीकडे सारखंच. सीमाभागाचा वेगळा त्रास असा की तळ एका राज्यात कापला जातो आणि वेणी दुसऱ्या राज्यात घातली जाते. राज्यातल्या राज्यात किंवा सीमेपलीकडे साधी विक्री असेल तर ई-वे बिलाला (माल गाडीने नेताना लागणारा जीएसटीचा कागद) ५०,००० रुपयांची किंवा राज्याने ठरवलेली मर्यादा आहे, पण मुख्य व्यापारी एका राज्यात आणि जॉबवर्क करणारा, म्हणजे मजुरीवर काम करून देणारा, दुसऱ्या राज्यात असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. म्हणजे कागलहून निपाणीला, वीसेक किलोमीटरवर, एक पोतं पट्टे वेणीला पाठवायचे तरी बिल. कोल्हापूर ते नाशिक या लांबच्या प्रवासाला जो नियम नाही तो कोगनोळीचा नाका ओलांडताना आहे. आठ जिल्ह्यांचं मानांकन एक असताना त्या आठ जिल्ह्यांपुरती तरी यात सवलत मिळायला हवी.

व्यापारी निर्यातदाराला नोंदणीकृत पुरवठादाराकडून ०.१ टक्का जीएसटीवर माल घेता येतो, अट अशी की पुरवठादाराच्या पावतीपासून ९० दिवसांत तो देशाबाहेर गेला पाहिजे. पावसात अडकलेल्या ऑर्डरला हे ९० दिवस पुरतातच असं नाही म्हणून पावती केव्हा करायची याचं भान ठेवावं लागतं.

बंदर म्हणाल तर नकाशावर गोवा जवळ, चोरला घाट उतरला की झालं. तरी माल बहुतेक वेळा न्हावा शेवालाच जातो, कारण मुरगाव हे मुख्यतः कोळसा, लोहखनिज अशा सुट्या मालाचं बंदर आणि कंटेनरची जहाजं तिथे थोडीच लागतात. निपाणी, संकेश्वर, बेळगाव राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच असल्याने ट्रक सरळ पुण्याकडे निघतो.

कापड

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात विणकाम जुनं आहे. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, तिथली साडी शहापुरी म्हणून ओळखली जायची, आता बराचसा भाग यंत्रमागावर आहे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं इरकल आणि गुळेदगुड्डचा खण हा मालही बेळगावच्या व्यापाऱ्यांकडून फिरतो. निर्यातीच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवावी, न शिवलेली साडी कस्टम्सच्या लेखी कपडा नव्हे तर कापड धरतात, त्यामुळे ६१, ६२, ६३ या प्रकरणांना मिळणारा आरओएससीटीएलचा परतावा तिला नाही, तिला रोडटेप. त्याच खणाचं जॅकेट शिवलं की प्रकरण ६२.

माणसं

या कामाला बेळगावातल्या कॉमर्स कॉलेजातून आलेली मुलंमुली बरीच असतात. पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडतं ते घरून मिळालेलं, मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलता येणं. सकाळी खरेदीदाराला इंग्रजीत मेल, दुपारी अथणीत कन्नडमधून माप समजावणं, संध्याकाळी निपाणीत मावशींजवळ बसून मराठीत वेणीचा भाव ठरवणं. अथणीत १९९० च्या दशकाच्या शेवटी महिलांचे बचत गट उभे राहिले आणि टो-होल्ड या नावाने त्यांनी स्वतःचा माल बाहेर पाठवला, तेव्हापासून कारागिरांच्या बाजूनेही हिशेब कळणारी माणसं तयार झाली.

आयात

आयातीची बाजू लहान आहे. बकल, रिव्हेट, चिकट द्रव्य, सोलचं शीट असं सामान येतं, बरंच चीनमधून, आणि ते स्वतः आणण्यापेक्षा मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेणं लहान निर्यातदाराला सोपं पडतं. निर्यातीच्याच मालात वापरायचं सामान असेल तर अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशनवर ड्युटीशिवाय आणता येतं, पण मग किती बकल आले आणि किती जोडांवर लागून बाहेर गेले याचा नगानगाचा हिशेब द्यावा लागतो. धातूचं बकल युरोपला जाणार असेल तर त्यातून सुटणाऱ्या निकेलची चाचणी करून घ्यावी. बिनबकलाच्या जुन्या घाटाच्या चपलेत धातूच नसतो, ती चामड्याच्या वादीनेच शिवलेली असते.