डिमेन्शियावाल्यांना चालतं ठेवा, हे आलं कुठून

घरी कुणाला डिमेन्शिया (स्मरणशक्ती, विचार हळूहळू बिघडत जाण्याचा आजार) असेल तर डॉक्टर हमखास सांगतात, त्यांना बसवून ठेवू नका. पूर्वी उलटं होतं, पडू नये, हरवू नये एवढंच बघायचं. परदेशात नर्सिंग होममध्ये चक्क खुर्चीला बांधून ठेवायचे, अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने स्टाफच्या सोयीसाठी असं बांधायला बंदी आली. आपल्याकडे पट्टे नव्हते, दाराची वरची कडी होती (अजूनही आहे, पुण्यात पेठेत काय नि कोथरूडला काय).

खरा घोळ २०१८ चा. इंग्लंडमध्ये ४९४ पेशंट घेऊन मोठी ट्रायल झाली, चार महिने, आठवड्यातून दोनदा जिम, सायकल आणि वजनं. फिटनेस वाढला, पण स्मरणशक्तीची घसरण काही थांबली नाही, उलट वर्षभराने टेस्टमध्ये व्यायामवाले व्यायाम न दिलेल्यांपेक्षा किंचित मागेच, फरक इतका बारीक की त्याला काही अर्थ आहे का हेही नक्की नाही. रोजची कामं, पडणं, यातही फरक नाही. झालं, ‘व्यायामाचा उपयोग नाही’ एवढंच लोकांपर्यंत पोचलं आणि आजोबा परत सोफ्यावर.

पण त्याआधी २०१३ मध्ये फिनलंडच्या ट्रायलमध्ये अल्झायमरच्या (डिमेन्शियाचाच एक प्रकार) २१० पेशंटांपैकी काहींना वर्षभर घरी येऊन, ज्याला जे झेपेल तसा व्यायाम दिला होता. स्मरणशक्ती तिथेही सुधारली नाही, पण स्वतःचं स्वतः करता येणं इतरांपेक्षा सावकाश कमी झालं, पडणंही कमी. माझ्या मते आपल्या घरांना लागू पडतं ते हेच, जिमवालं नाही. मेंदूचे मार्क वाढतात का यापेक्षा आजी स्वतः उठून बाथरूमला जाते का, हे घरच्यांना जास्त महत्त्वाचं असतं ना.

त्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या, डिमेन्शिया कशाने होऊ शकतो त्या जोखमींच्या २०१७, २०२० आणि २०२४ च्या याद्या आल्या, शेवटच्या यादीत १४ गोष्टी, बैठं राहणं त्यातलं एक. पण त्या याद्या आजार टाळण्याबद्दल आहेत, झाल्यावर काय करायचं याबद्दल नाहीत, आणि व्हॉट्सॲपवर दोन्हीची मिसळ होते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सारसबागेपासून सगळ्या बागा बंद, ज्यांची रोजची फेरी सवयीवर चालली होती ती तुटली ती तुटलीच. आता बरेच जण सोसायटीच्या पार्किंगमध्येच फिरवतात, कारण फुटपाथवर टू-व्हीलर. रोज तीच वेळ, तोच रस्ता, सोबत कोणीतरी, चपला समोर काढून ठेवायच्या, ‘चला व्यायाम करू’ म्हणायचं नाही, ‘चला, दूध आणू’ म्हणायचं.