सेवेतील शारीरिक शिक्षण शिक्षकांचे पदव्युत्तर शिक्षण (कोकण)

शाळेत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकाने नोकरी टिकवून पूर्ण केलेले एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी) किंवा पीएच.डी.चे शिक्षण. कोकणातल्या बहुतेक गावशाळांत क्रीडाशिक्षक असला तर एकटाच असतो. तो रजेवर गेला की मैदान ओस पडते. म्हणून इथे अभ्यासक्रमापेक्षा रजा आणि पाऊस हेच खरे अडथळे ठरतात.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार एम.पी.एड. दोन वर्षांचे, चार सत्रांचे आहे. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) किंवा समकक्ष पदवीत किमान ५० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात प्रवेश सीईटीतून (सामाईक प्रवेश परीक्षेतून) होतो. लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते. अभ्यासक्रम नियमित स्वरूपाचा आहे, पत्राद्वारे होत नाही. त्यामुळे आधी रजा मंजूर करून घ्यावी, मग प्रवेश. खासगी शाळांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे नियम वेगळे. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे एकाच दिवशी शाळेच्या मस्टरवर सही आणि महाविद्यालयात हजेरी. पुढे पदवीच्या नोंदीच्या वेळी ही तफावत उघडी पडते आणि पदवीच वादात सापडते.

पीएच.डी.ची वाट नोकरदाराला अधिक सोयीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे. त्यासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र हवे, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तील वर्गातल्या अभ्यासासाठी) कार्यमुक्त करू असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) गुण, किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क आणि किमान तीन वर्षे लागतात.

प्रबंधाचा विषय निवडताना कोकणचे वेळापत्रक विसरून चालत नाही. पूर्वचाचणी, आठ ते बारा आठवड्यांचे प्रशिक्षण आणि उत्तरचाचणी हा नेहमीचा आराखडा. तो जूनमध्ये सुरू केला तर जांभ्यावर शेवाळ धरते, मुलांचे घोटे मुरगळतात, त्यात गणपतीची सुट्टी येते आणि आठवडे तुटतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरू करून शिमग्याआधी आटोपणे शहाणपणाचे. या वयात मुले वाढीमुळेच सुधारतात, म्हणून प्रशिक्षण न दिलेला नियंत्रित गट हवाच. पण पंधरा मुलांच्या वर्गातून दोन गट निघत नाहीत. शेजारच्या दोन-तीन शाळा आधीच ठरवून, मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घेऊन ठेवावी.

खेलो इंडियाच्या शालेय चाचणीतील ५० मीटर धाव आणि ६०० मीटर धाव-चाल यांना जागा लागते. ती नाही म्हणून एक चाचणी पुळणीवर आणि दुसरी मुरमाच्या मैदानावर घेतली तर फरक वाळूचा मोजला जातो, मुलांचा नाही. जागा, दिवसाची वेळ आणि घड्याळ धरणारा माणूस दोन्ही वेळी तेच ठेवावेत. फक्कीची रेष टेपने मोजूनच मारावी, पावलांनी नव्हे.

महाविद्यालयात क्रीडा संचालक व्हायचे असेल तर पदवीबरोबर धावण्याची तयारीही हवी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पुरुषांना १२ मिनिटांत वयाच्या तीस वर्षांपर्यंत १८०० मीटर, चाळीसपर्यंत १५०० मीटर, तर स्त्रियांना ८ मिनिटांत अनुक्रमे १००० आणि ८०० मीटर अंतर ठेवले आहे. रजेच्या दोन वर्षांत पुस्तकात बुडालेले शिक्षक इथेच अडखळतात. सराव पहिल्या सत्रापासून चालू ठेवावा.